स्टुटगार्टचं घर ३१ मार्चला सोडणे : सत्राच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

घर तीन खोल्यांचं, भाडेकरार एकच, नावं तीन. नोंदीत ‘खोली’ म्हणजे त्या खोलीत राहणारं माणूस. खोली १ शहरातच, फायहिंगेनच्या वसतिगृहात जाणार. खोली २ म्युनिकला इंटर्नशिपला. खोली ३ शेवटची परीक्षा देऊन पुण्याला. नोंदी फ्रिजवरच्या वहीतून इथे उतरवल्या आहेत.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार : नोटीस

करार मोडण्याची मुदत तीन महिने. मार्चअखेर बाहेर पडायचं तर नोटीस जानेवारीच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाकडे पोचलेली हवी. शनिवार कामकाजाचा धरतात, त्यामुळे यंदा २, ३ आणि ५ तारीख. ६ तारखेला बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सुट्टी असते, पण तोवर मुदत उलटलेली असते. पत्र कधी टाकलं याला महत्त्व नाही, कधी पोचलं याला आहे. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, स्कॅन यातलं काहीही चालत नाही. कागद हवा आणि त्यावर शाईने केलेल्या सह्या, करारात जितकी नावं तितक्या. एक सही राहिली तर ती नोटीसच धरत नाहीत, आणि तिघांच्या माथी आणखी एका महिन्याचं भाडं.

घरमालक शहरातच राहतात, म्हणून पत्र थेट त्यांच्या पेटीत टाकलं. खालच्या मजल्यावरच्या आजींना साक्षीला नेलं. त्यांनी मजकूर वाचला, कागद पाकिटात जाताना आणि पाकीट पेटीत पडताना पाहिलं. रजिस्टर टपालाची पावती पाकीट पोचलं एवढंच सांगते, आत काय होतं ते सांगत नाही. साक्षीदार दोन्ही सांगतो.

७ जानेवारी : तारखा, शेवटाकडून

३१ मार्चपासून मागे मोजत आलो. खोली ३ ला देश सोडल्याची नोंद, म्हणजे आबमेल्डुंग, घर सोडायच्या एक आठवड्याहून आधी करता येत नाही. म्हणजे २४ मार्चच्या आधी नाही. डॉइचलांडटिकिट, म्हणजे स्थानिक वाहतुकीचा देशभर चालणारा मासिक पास, महिनाअखेर बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. आमच्याकडे पुढच्या सत्राचे पैसे १५ फेब्रुवारीपर्यंत. खोली २ चा निवास परवाना १५ एप्रिलला संपतो, म्हणजे अर्ज याच महिन्यात. परीक्षा ९ फेब्रुवारी ते १० मार्च पसरलेल्या.

अभ्यासाचं वेळापत्रक लोक आपोआप करतात. टपालाचं कुणी करत नाही, आणि जर्मनीत अजून निम्मी कामं टपालाने चालतात.

१० जानेवारी : डब्यांची मोजदाद

तांदूळ ६ किलो, तूरडाळ ३, कणीक ५, पोहे दीड, साबुदाणा १, गोडा मसाला ८०० ग्रॅम, मोहरी अर्धा किलो, हळद एक किलो.

तिघांना रोज साधारण २०० ग्रॅम डाळ आणि ३०० ग्रॅम तांदूळ लागतो. म्हणजे डाळ पंधरा दिवसांची, तांदूळ वीस दिवसांचा; हे मार्चपर्यंत संपतील की नाही ही काळजीच नको, उलट आणावे लागतील. अडचण मसाल्यांची. रोज चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, या हिशेबाने हळद जवळपास वर्षभर पुरते. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं म्हणून इंडियन दुकानातून तेच उचललं जातं. निम्मी हळद आणि मोहरी खोली १ कडे, बाकीची आत्ताच ग्रुपवर टाकली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच वाटत असतात, तेव्हा घ्यायला कुणी नसतं.

परीक्षेच्या दिवसांसाठी रविवारी एकदम शिजवून गोठवायचं. वरण, मटकी-चवळीच्या उसळी, छोले, राजमा छान टिकतात. बटाट्याची भाजी गोठवू नये, बटाटा रवाळ आणि पाणचट होतो. वरण बिनफोडणीचं गोठवायचं आणि फोडणी खातेवेळी द्यायची, नाहीतर हिंग-कढीपत्त्याचा वास बर्फातच मरतो. भात गोठवायचा तर पसरट ताटात काढून तासाभरात गार करून लगेच आत टाकायचा. रात्रभर कुकरमध्ये राहिलेला भात पोट बिघडवतो आणि परत गरम करूनही ते टळत नाही. शेवटचा घाणा ८ मार्चला, कारण २९ ला फ्रीझर बंद करायचा आहे.

कुकरबद्दल. आमची शेगडी काचेची, साधी विजेची. बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे भारतातला शिट्ट्यांचा हिशेब इथे चुकतो आणि भाताचा गोळा होतो. शेवटची शिट्टी धरू नये, तिच्या आधीच बंद करावं किंवा कुकर शेजारच्या गार चकतीवर सरकवावा. खोली १ च्या वसतिगृहात इंडक्शन आहे. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघायचं. चिकटला तर न्यायचा.

१९ जानेवारी : खोली २ चा परवाना

अर्ज ऑनलाइन भरला. परवाना संपायच्या आत अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत जुना परवाना, कामाच्या मुभेसकट, चालू धरला जातो. त्याचा कागदी पुरावा म्हणजे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ ची खूण आहे ना ते बघून घ्यावं. परिच्छेद ३ ची असेल तर त्या कागदावर बाहेर जाऊन परत येता येत नाही.

जोडलेले कागद: पासपोर्ट, नोंदणीचा दाखला, आतापर्यंतची गुणपत्रिका, आरोग्यविम्याचं पत्र, भाडेकरार, पैशांचा पुरावा. पैशांचा आकडा महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, तेवढे नसतील तर नोकरीचा करार आणि पगारपत्रकं मिळून ही बेरीज दाखवता येते. फोटो कागदी चालत नाही. मे २०२५ पासून फोटो डिजिटलच लागतो. फोटोवाला तो थेट सर्व्हरवर चढवतो आणि हातात एक कोड देतो. मुदतवाढीचं शुल्क ९३ युरो.

अर्ज म्युनिकला गेल्यावर करू, असा विचार बरेच जण करतात. करू नये. शहर बदललं की फाइल नव्या कार्यालयाकडे जाते आणि काही आठवडे ती कुणाच्याच टेबलावर नसते. अर्ज आधीच गेलेला असेल, तर पोचपावतीची पीडीएफ एवढा एकच कागद त्या काळात उपयोगी पडतो.

इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर वर्षाच्या १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या दिवसांच्या मर्यादेत मोजली जात नाही. स्वेच्छेची असेल तर मोजली जाते. विद्यापीठाकडून सक्तीची असल्याचं पत्र मागवलं. कंपनीलाही तेच लागतं.

२ फेब्रुवारी : सत्राचे पैसे

या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो आहेत, शिवाय नेहमीची सत्रवर्गणी. खोली १ आणि २ ने भरले. पैसे भरताना तीन गोष्टी. एक, उद्देशाच्या रकान्यात पोर्टलवर दिलेला क्रमांक जसाच्या तसा. तो नसेल तर पैसे पोचतात, पण नावावर लागत नाहीत. दोन, आता बँक नाव आणि खातं जुळतं का ते तपासून सांगते. विद्यापीठाचं नाव आखूड लिहिलं की ‘जुळत नाही’ असा इशारा येतो. घाबरून व्यवहार सोडून न देता पोर्टलवरचं पूर्ण नाव चिकटवावं. तीन, यंदा १५ फेब्रुवारी रविवारी आहे. शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

खोली ३ ने पैसे भरले नाहीत. प्रबंध सादर झालाय, शेवटची परीक्षा १० मार्चला, म्हणजे सगळं ३१ मार्चच्या आत. परीक्षा कार्यालयाकडून ‘पुढच्या सत्राची गरज नाही’ हे लेखी मागवून घेतलं. तोंडी आश्वासनावर दीड हजार युरो लावू नयेत.

८ फेब्रुवारी : परीक्षेची पिशवी आणि पायऱ्या

उद्यापासून परीक्षा. टेबलावर विद्यार्थी ओळखपत्र आणि पासपोर्ट. निळं किंवा काळं पेन, दोन; लाल आणि हिरवं तपासणाऱ्यांसाठी राखीव असतं. खोडता येणाऱ्या शाईचं पेन अजिबात नको. ती शाई साधारण ६० अंशांना उडते, उत्तरपत्रिका हीटरजवळ राहिली की कोरी. मुभा असेल तिथे सूत्रांचा एक ए-फोर कागद, पण ‘हाताने लिहिलेला’ म्हटलं असेल तर टॅब्लेटवर लिहून छापलेला चालेल का हे आधी विचारायचं. विषयागणिक उत्तर वेगळं असतं.

आजारी पडलं तर त्याच दिवशी डॉक्टर. नोकरीसाठी मिळतो तो साधा आजारपणाचा दाखला बऱ्याच परीक्षा समित्यांना पुरत नाही. त्यांचा वेगळा फॉर्म असतो आणि तो डॉक्टरने भरायचा असतो. तिघांच्याही फाइलमध्ये एकेक कोरा छापून ठेवला. ताप आल्यावर प्रिंटर शोधत कोण फिरणार?

या आठवड्याची केअरवोखे, म्हणजे जिना साफ करायची पाळी, आपल्याकडे. पाटी काल संध्याकाळी शेजाऱ्यांनी दाराच्या मुठीला अडकवली. आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा आणि खिडकीची चौकट पुसायची. मोठ्या पाळीत तळघराची वाट आणि फुटपाथसुद्धा. वरून खाली यायचं, पाणी कमी घ्यायचं, कारण लाकडी पायरीवर पाणी साचलं की पांढरे डाग पडतात. परीक्षा आहे म्हणून पाळी बदलून मिळते. फक्त आधी विचारावं लागतं. आजींनी लगेच हो म्हटलं. न विचारता चुकवलेली पाळी मात्र इमारतीत वर्षभर लक्षात राहते, आणि घर दाखवायला नवे लोक येतील तेव्हा हेच शेजारी जिन्यात भेटणार आहेत.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

साबुदाणा संपला. किलोभर, खिचडी दोन्ही वेळा. डबा धुऊन खोली १ च्या खोक्यात.

२१ फेब्रुवारी, शनिवार : हळद

अनामत रकमेतून कापाकापी होते ती बहुतेक स्वयंपाकघरावरून, आणि मराठी स्वयंपाकघरात म्हणजे हळदीवरून. आज दोन परीक्षांच्या मधला मोकळा दिवस, तो यातच गेला.

हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. उजेडात विटतो. आणि अल्कली लागली की लाल होतो. म्हणून खाण्याचा सोडा चोळला की पिवळा डाग विटकरी होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. क्रम असा: आधी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि कोमट पाणी, तेल निघण्यापुरतंच. पुसून कोरडं. मग बाउमार्क्टमध्ये (घरदुरुस्तीच्या सामानाचं मोठं दुकान) मिळणारं स्पिरिट कापसावर घेऊन टिपायचं, घासायचं नाही. घासलं तर डाग पसरतो. कापूस पिवळा झाला की नवा. खिडकी उघडी, शेगडी गार, हातात मोजे.

ओट्याचा पांढरा लॅमिनेट असा जवळपास पूर्ण निघाला. फ्रिजचे पारदर्शक कप्पे मात्र स्पिरिटने तडकू शकतात, म्हणून मागच्या कोपऱ्यात थेंब टाकून पाहिलं, आणि शेवटी ते नुसते साबणाने धुऊन बाल्कनीत उन्हाला लावले. मे महिन्याच्या उन्हात एका दुपारचं काम आहे. फेब्रुवारीच्या या पांढुरक्या उजेडात आठवडा धरावा. ढग असले तरी ठेवायचे. फ्रिजच्या दाराच्या रबराला स्पिरिट एकदाच, मग लगेच पाण्याचं फडकं.

टाइलांमधल्या सिमेंटच्या फटी मुळातच अल्कलीयुक्त, तिथला डाग नारिंगी. त्यावर आधी सौम्य लिंबूसत्व, रंग परत पिवळा होतो, मग धुऊन स्पिरिट. आम्ल फार वेळ ठेवलं तर फट झिजते.

सिंकमागचं सिलिकॉन हा वेगळाच प्रकार. त्यात रंग आतपर्यंत मुरतो, वरून काहीही लावा. मालकांना फोटो पाठवून विचारलं. त्यांनी बदलायला हरकत नाही म्हटलं. जुनं सिलिकॉन कटरने दोन्ही कडांनी चिरून ओढून काढलं, खाच स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी केली, दोन्ही बाजूंना टेप, मग एका हाताने न थांबता सलग पट्टा. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच ओढून घ्यायचं. टेप लगेच काढायची. वाळल्यावर काढली तर कड फाटते. चोवीस तास पाणी नाही, म्हणून भांडी न्हाणीघरात. ३०० मिलिलिटरची नळी अर्ध्याहून जास्त उरली. उघडलेली नळी टिकत नाही, ती शेजाऱ्यांना.

२२ फेब्रुवारी

वर धूर ओढणाऱ्या चिमणीच्या जाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. धुण्याच्या सोड्यात टाकल्या तर काळ्या पडतात. कढत पाणी आणि भांड्यांचा साबण, अर्धा तास, मऊ ब्रश. नळावरचा आणि किटलीतला चुना काढायला लिंबूसत्व, अर्धा लिटर गार पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास. उकळायचं नाही, तापवलं की चुन्याचा नवाच थर बसतो, आणि तो जुन्याहून चिवट असतो.

१ मार्च : करार बंद करणे

वीज. घर बदलताना सहा आठवड्यांच्या नोटिशीने करार मोडता येतो, त्यामुळे हे पत्र फेब्रुवारीतच गेलं. जून २०२५ पासून मागच्या तारखेने वीज बंद करून मिळत नाही. म्हणजे ‘आम्ही तर ३१ लाच निघालो’ असं एप्रिलमध्ये सांगून उपयोग नाही, पुढच्या भाडेकरूची वीज आपल्या नावावर जळते. नव्या घरासाठी तिथल्या मीटरच्या जागेचा अकरा आकडी क्रमांक लागतो. तो आधीच्या भाडेकरूच्या बिलावर असतो.

इंटरनेट. नव्या पत्त्यावर कंपनी जोडणी देऊ शकत नसेल तर महिनाभराच्या नोटिशीने सुटका. वसतिगृहात नेट आधीच आहे, तेवढ्यावर काही कंपन्या सोडत नाहीत. करार खोली ३ च्या नावावर आणि पहिली दोन वर्षं सरलेली, त्यामुळे आम्हाला साधी मासिक नोटीस पुरली.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घराला एकच. ती आतापर्यंत खोली १ भरत होती. वसतिगृहात स्वतंत्र खोली हेच स्वतंत्र घर धरतात, त्यामुळे तिचं नुसतं पत्ता बदलणं. खोली २ जिथे जाते तिथे आधीच कुणी भरत असेल तर त्यांचा क्रमांक कळवायचा, नाहीतर दोनदा लागते.

खोली ३ चं बँक खातं बंद करायचं नाही. अनामत रक्कम परत यायला महिने लागतात आणि हीटिंग-पाण्याचा हिशेब मालक हिशेबवर्ष संपल्यावर बारा महिन्यांपर्यंत देऊ शकतात. तिसरं कारण आयकर. २०२५ ची करमुक्त मर्यादा १२,०९६ युरो. वर्षाची मिळकत त्याखाली असेल तर विद्यार्थी नोकरीतून कापलेला कर विवरण भरून परत मिळतो, भरायला चार वर्षं आहेत. पण एल्स्टर या करविवरणाच्या पोर्टलचा चालू करायचा कोड टपालाने येतो. इथला पत्ता असेपर्यंतच तो मागवून घ्यावा. आज मागवला.

७ मार्च : भिंती

स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेला प्लास्टिकचा डावेल काढायला त्यात अर्धा स्क्रू फिरवायचा आणि स्क्रूच पकडीने ओढायचा. भोकात तयार लांबी (पुट्टी) थोडी फुगीर भरायची, वाळताना ती बसते. दुसऱ्या दिवशी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग रंग. ‘पांढरा’ म्हणून डबा उचलू नये. नव्या पांढऱ्याचा ठिपका जुन्या भिंतीवर भोकापेक्षा जास्त दिसतो. कोरड्या स्पंजाने कडा विरळ केल्या तर खपतो.

मोठं सामान उचलायला पालिकेची वेळ मागावी लागते आणि मार्चअखेरच्या वेळा आधीच भरतात. गाद्या आणि मोडकं कपाट १७ तारखेला. चांगलं सामान जाहिरातीवर. किंमत शून्य टाकली तर येतो म्हणणारे येत नाहीत, पाच युरो टाकले तर येतात.

१९ मार्च, पाडवा

गुढी बाल्कनीत, मॉपच्या दांड्यावर. दांडा सामानातून शेवटी जायचा होता तो याचसाठी. श्रीखंडाला पाकिटावर ४० टक्के चरबी लिहिलेला क्वार्क (चक्क्यासारखाच, टक्के कोरड्या भागाचे), दोन तास टांगला तरी पुरे, तो मुळातच बराच निथळलेला असतो. बिनचरबीचा घेतला तर श्रीखंड खडूसारखं लागतं. साखर आणि वेलदोडे संपले.

२४ मार्च : आबमेल्डुंग

खोली ३ ची झाली. दाखल्याच्या प्रती पीडीएफ करून तिघांकडे. विमा आणि मोबाइल कंपनीला हाच लागतो. उत्तरपत्रिका पाहायचा दिवस एप्रिलमध्ये जाहीर झालाय, तेव्हा खोली ३ पुण्यात असेल. मुखत्यारपत्रावर दुसऱ्याला पाहू देतात का, प्राध्यापकांच्या कार्यालयाला विचारलंय. काही देतात.

२९ मार्च, रविवार

फ्रीझर सकाळी बंद, दार उघडं, खाली दोन जुने टॉवेल, आत गरम पाण्याचं पातेलं. सुरीने बर्फ खरवडायचा नाही, आतली नळी फुटली तर फ्रिजची किंमत भरावी लागते. घड्याळ आज तासभर पुढे गेलं, घरी फोन करायचा फरक साडेचारऐवजी साडेतीन तास. काचेच्या बाटल्या काचपेटीत आज टाकायच्या नाहीत, रविवारी आवाज चालत नाही. परत दिल्या की पैसे मिळतात त्या बाटल्या कालच दिल्या: एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या २५ सेंट, बिअरच्या बहुतेक ८.

३१ मार्च, मंगळवार : ताबा

सकाळी दहा, उजेडात. मालकांबरोबर खोली-खोली. वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, मीटरच्या क्रमांकासकट फोटोत. किल्ल्या मोजून: घराच्या तीन, तळघराची, टपालपेटीची, सायकलखोलीची. ताब्याच्या कागदावर रिकाम्या राहिलेल्या ओळींवर रेघ मारून मगच सह्या. ‘भाडेकरू दुरुस्तीचा खर्च देईल’ असं छापील वाक्य फॉर्मात होतं. ते मालकांच्या संमतीने खोडून दोघांची आद्याक्षरं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, कायद्याने तीच कमाल. कुणाच्या खात्यात किती जायचे ते त्याच कागदावर लिहून घेतलं. ओट्याकडे पाहून मालकांनी नवीन बसवलात का असं विचारलं.

२ एप्रिल

उद्या गुड फ्रायडे, सोमवारीही सुट्टी, कार्यालयं थेट मंगळवारी. खोली २ ची म्युनिकची नोंदणी चौदा दिवसांत व्हायला हवी. घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र आजच मागून घेतलं, ते नसेल तर खिडकीवरून परत पाठवतात. खोली ३ चं टपाल खोली १ च्या पत्त्यावर वळवलंय. इथे पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो, म्हणून वसतिगृहाच्या पेटीवर दोन्ही आडनावं लावायची आहेत. चिकटपट्टी चालत नाही, पाटी केअरटेकरकडून मिळते. तो बुधवारी आठ ते दहा बसतो.